गॅस भरण्याआधी बर्फ कुठे बसलाय ते बघा

फ्रीज थंड करत नाही म्हटलं की 'गॅस गेला' हे निदान तयारच असतं. पण सीलबंद सिस्टिममधला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहेच, आणि ती न शोधता भरलेला गॅस परत जाणार.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा प्लग काढा, फ्रीझरचं मागचं पॅनेल उघडा. कूलिंग कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (कॉइलला गॅस पुरवणारी बारीक नळी) अर्धवट चोक आहे. अख्खी कॉइल बर्फात गाडली असेल तर गॅसला हात लावू नका, डीफ्रॉस्ट (बर्फ आपोआप वितळवणारी सोय) बिघडलंय. गोव्यातल्या पावसाळ्यात, दाराचं रबर सैल असेल तर, असा बर्फ साठणं हमखास. हीटर, बायमेटल (थंडीत जोडला जाणारा तापमानाचा स्विच), थर्मल फ्यूज, टायमर हे मल्टिमीटरने एकेक तपासायचे. इथे बरेच जण फसतात: बायमेटल खोलीच्या तापमानाला उघडाच दाखवतो, म्हणून चांगला पार्ट फेकला जातो. बर्फात मीठ घालून त्यात तो बुडवा आणि मग मोजा. जोडला गेला तर ठीक.

कॉम्प्रेसर गुणगुणून 'टक्' करून बंद पडतो? आधी व्होल्टेज बघा, मग रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) काढून हलवा. पीटीसी प्रकारचा रिले असून आत खुळखुळलं तर तो गेला. वाइंडिंगचा रोध कॉमन, स्टार्ट, रन या तीन टोकांमध्ये मोजताना स्टार्ट-रनचा आकडा बाकी दोन आकड्यांच्या बेरजेइतका यायला हवा आणि बॉडीशी कंटिन्युइटी (विजेचा जोड) नको. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात.

किनाऱ्यालगतची खरी डोकेदुखी गंज. शॅकमधले (किनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलातले), मासळीचे डीप फ्रीझर पावसाळाभर झाकून ठेवतात. खाऱ्या हवेतलं मीठ कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) लोखंडी नळ्यांवर तसंच राहतं आणि हंगामाच्या तोंडावर बारीक छिद्रं दिसतात. बंद करण्याआधी प्लग काढून नळ्या गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळवा, गंजलेल्या जागी रंग द्या. सुरीने बर्फ खरवडून केलेलं भोक मात्र वेगळंच, त्याला इलाज महाग.

गळती बुजवल्यावर ड्रायर (ओल शोषणारा फिल्टर) नवा, व्हॅक्यूम नीट, आणि लेबलवर लिहिलेलं गॅसचं वजन काट्यावर. आर-६००ए गॅस घरगुती फ्रीजमध्ये बहुधा ४० ते ६० ग्रॅम असतो, पाच ग्रॅमचा फरकही जाणवतो. तो ज्वलनशील आहे. नळीत गॅस असताना नळ्या जोडायची ज्योतीची टॉर्च पेटवायची नाही.