१९.३ मिलिमीटरवर चालणारी मालगाडी

१६७६ला ८७ने भागलं की १९.२६ येतात. माझी गेली साडेचार वर्षं या एका भागाकारामागे गेली.

आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. मॉडेल रेल्वेत जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या १/८७. पण या प्रमाणात तयार मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर गेजवरून बेतलेले आहेत. आपली गाडी ८७च्या प्रमाणात करून त्या रुळांवर ठेवली की वरचं सगळं बरोबर येतं, फक्त चाकं आत सरकलेली दिसतात. भारतीय गाड्यांची मॉडेलं करणारे पुष्कळ जण हे स्वीकारतात आणि ते मला पटतं. तयार रूळ, तयार चाकं, तयार सांधे (एका रुळातून दुसरा फुटतो त्या जागा) मिळतात, गाडी लवकर धावू लागते. मीही तेच करणार होतो. कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात मुलाला घेऊन कितीदा गेलो त्याची गणती नाही. तिथला तो मोठा देखावा बघून घरी आपली एक छोटी मालगाडी असावी, एवढंच मनात होतं.

पहिली वाघीण तयार झाली आणि मी तिचा समोरून फोटो काढला. तिथे सगळं अडलं. बॉक्स-एन, म्हणजे कोळसा वाहणारी उघडी वाघीण, तिची रुंदी ३२०० मिलिमीटर, म्हणजे गेजच्या दुपटीला थोडी कमी. साडेसोळाच्या रुळावर तीच रुंदी गेजच्या सव्वादोन पट होते. अरुंद पाटावर परात ठेवावी तशी ती दिसत होती. पुण्याच्या फलाटावर उभं राहून लहानपणापासून पाहिलेली मालगाडी अशी नाही, ती पाय फाकवून ठामपणे येते. वाघीणच लहान करून १/१०२ प्रमाणात करता आली असती, मग साडेसोळा बरोबर बसलं असतं. पण मग कपलर (वाघिणी एकमेकींना जोडणारे हुक), चाकं, माणसं, झाडं, सगळंच वेगळ्या मापाचं लागलं असतं. शेवटी गेज १९.३ करायचं ठरवलं. त्याचा अर्थ असा की चाकांच्या धुरेपासून रुळापर्यंत काहीच तयार मिळणार नव्हतं.

बॉक्स-एन निवडली याचं एक कारण असं की तिची मापं ८७ने भागल्यावर फार सुरेख येतात. बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, वाघिणीखालची चाकांची चौकट. दोन बोग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ६५२४, ते झालं ७५. बोगीतल्या दोन धुरांमधलं अंतर २०००, ते २३. कपलरसकट लांबी १०७१३, ती १२३. उंची ३२२५, ती ३७. आराखडा कागदावर काढताना हे आकडे एकामागून एक बिनअपूर्णांकाचे येत गेले आणि मला खरंच आनंद झाला.

सांगाडा स्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटचा. इमारतींची मॉडेलं करणाऱ्यांना लागणारं सामान विकणारी दुकानं पुण्यात आहेत, तिथे अर्धा आणि एक मिलिमीटरची शीट मिळते. चिकटवायला ॲक्रिलिकवाले वापरतात ते क्लोरोफॉर्म. ते बारीक कुंचल्याने सांध्याच्या कडेला नुसतं टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं आणि दोन्ही तुकडे विरघळून एक होतात. काम खिडकी उघडी ठेवून आणि पंखा लावून करायचं, त्यात हयगय नको. डोकं जड झालं की त्या दिवशीचं काम थांबवायचं.

पहिल्या तीन वाघिणी याच द्रवाने घालवल्या. वाघीण रुळावर टिकावी म्हणून आत वजन घालतात, ते लपवायला मी खऱ्या तळाच्या वर एक खोटा तळ बसवला होता, त्यावर कोळसा येणार होता. मधली पोकळी चारही बाजूंनी बंद. जोडल्या त्या दिवशी भिंती आरशासारख्या सरळ होत्या. पंधरा दिवसांनी पाहिलं तर तिन्हींच्या बाजू आत खचलेल्या. कोंडलेली वाफ बाहेर जायला वाट नव्हती, ती आतून शीट मऊ करत राहिली. आता कुठलीही बंद पोकळी करताना तळाला दोन मिलिमीटरची तीन-चार भोकं पाडतो आणि जोडल्यावर आठवडाभर उलटी ठेवून देतो. त्या तिन्ही वाघिणी कपाटात आहेत, टाकवत नाहीत.

बोग्यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. बॉक्स-एनखाली कॅसनब बोगी असते. तिच्या ओतीव बाजूची चौकट, मधल्या खिडकीतल्या स्प्रिंगा, टोकाची बेअरिंगची घरं, हे सगळं एका तुकड्यात उतरवायचं. एका वाघिणीला अशा चार चौकटी, आठ वाघिणींना बत्तीस. म्हणून एकच चौकट जीव ओतून घडवली. स्प्रिंगांसाठी तांब्याची तार सुईवर गुंडाळली. मग सिलिकॉन रबराचा साचा आणि त्यात रेझिनचं ओतकाम. पहिलं ओतकाम जुलैत केलं, ते पावासारखं फुगून जाळीदार झालं. पॉलियुरेथेन रेझिनला हवेतली ओल सोसत नाही, हे तेव्हा कळलं. उरलेला पावसाळा साचा डब्यात बंद ठेवला आणि दिवाळीनंतर दोन रविवारी बत्तीसच्या बत्तीस चौकटी निघाल्या, स्वच्छ.

चाकं मात्र विकतची, ११ मिलिमीटर व्यासाची. काटेकोर हिशेबाने साडेअकरा हवीत, कारण नवं चाक १००० मिलिमीटरचं असतं. पण चाक झिजतं, आणि ९०६ला पोचलं की बाद होतं. ११ मिलिमीटर म्हणजे ९५७, निम्मं आयुष्य झालेलं चाक. मला ते नव्या चाकापेक्षा जास्त खरं वाटलं. धुरा मात्र लांब हव्या होत्या. खऱ्या वाघिणीत दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या मध्यांत २२६० मिलिमीटर असतात, म्हणजे इथे २६. भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांकडे दोन मिलिमीटरची पोलादी सळई घेऊन गेलो. त्यांनी आधी नकार दिला, मग तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ठेवून जा, रात्रपाळीत बघतो." छत्तीस धुरा, दोन्ही टोकांना सुईसारखी अणी. एकही वाकडी नव्हती. चाकं बसवताना मधे धरायला एक पितळी ठोकळाही त्यांनीच करून दिला. आजही प्रत्येक जोडी त्याच ठोकळ्यावर तपासतो.

वजनासाठी मॉडेलवाल्यांत एक जुना हिशेब आहे: एचओमध्ये एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझ्या वाघिणीला ते साधारण ९७ ग्रॅम येतं. टायरच्या दुकानात बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं मिळाली, ती खोट्या तळाखाली गेली. रंग हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड. त्यावर भुरकट धुळीचे दोन पातळ हात.

अक्षरं पांढरी, आणि घरच्या लेझर प्रिंटरला पांढरं छापता येत नाही. दोन महिने अडून बसलो होतो. शेवटी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका स्क्रीन प्रिंटरने पारदर्शक डेकल कागदावर (यावरची छपाई पाण्यात भिजवून मॉडेलवर उतरवता येते) पांढऱ्या शाईत दीड मिलिमीटरचे आकडे काढून दिले. वाघिणीचा नंबर अकरा आकडी असतो: पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वेला ०१), मग बनल्याचं वर्ष, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटी तपासणीचा आकडा. हा शेवटचा आकडा मनाने घालायचा नसतो. समस्थानच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करून त्यात विषमस्थानच्या आकड्यांची बेरीज मिळवायची. तिथून पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जेवढे कमी पडतात तो आकडा. माझ्या आठही वाघिणींचे नंबर या हिशेबात बसतात. कुणी तपासणार नाही, पण मला माहीत आहे.

रुळांबद्दल थोडक्यात सांगतो. कोड ७५चा, म्हणजे ०.०७५ इंच उंचीचा रूळ, पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या कापून केलेले स्लीपर, डाग देऊन जोडलेले. साठ सेंटिमीटरच्या अंतराने स्लीपर, म्हणजे इथे सात मिलिमीटरला थोडं कमी. अडीच मीटरची सरळ फळी आणि तीन सांधे. सांध्यांच्या जिभा कानशीने घासल्या, त्यात बोटांची सालं गेली.

मग इंजिन. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाशिवाय दुसरं काही मनात नव्हतं. १९६२ साली अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून पहिली आली, १९६४पासून वाराणसीला बनू लागली, आणि माझा मामा घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये तिच्यावर काम करून निवृत्त झाला. लांबी १७१२० मिलिमीटर, म्हणजे १९७. चाक १०९२चं, म्हणजे साडेबारा. मोटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळणारी, गिअर लावलेली एन-२०. कितीच्या फेऱ्यांची घ्यायची हेही गणितानेच ठरवलं: चाकाचा परीघ ३९ मिलिमीटरच्या आसपास, मालगाडी ताशी ६० किलोमीटरने न्यायची तर मिनिटाला २९२ फेरे. ३०० आरपीएमची मोटर घेतली. कठड्यांसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून २८ नंबरची तांब्याची तार आणली. एक टोक वाइसमध्ये धरून दुसरं पकडीने ओढायचं; हाताला तार किंचित सुटल्यासारखी लागते, आणि ती पट्टीसारखी सरळ होते.

सांगाडा उभा राहिला, एक बोगी खाली लागली, तेव्हा मामाला बोलावलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, इंजिन डोळ्यांच्या पातळीला धरलं आणि बोगीकडे बघत म्हणाला, "ही अल्को नाही रे."

मी सांगाड्याची मापं सांगू लागलो.

"सांगाडा ठीक आहे. तिन्ही धुरा सारख्या अंतरावर आहेत तुझ्या. अल्कोची मधली धुरा मधोमध नसते. तीन मोटरी कोंबायच्या असतात आत, एका बाजूला जास्त जागा लागते. कितीदा खाली झोपलोय मी तिच्या."

माझ्या फोटोंत ते स्पष्ट दिसत होतं. मी तीन महिने तेच फोटो समोर ठेवून काम करत होतो. बोगी काढली, चौकट मोडली, गिअरची जागा बदलली, नव्याने साचा केला. पाच महिने गेले. पण आता बाजूने पाहिलं की ते असमान अंतर सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं, आणि त्याच्याशिवाय ते इंजिन मला ओळखताच आलं नसतं.

गेल्या महिन्यात आठ वाघिणी जोडून गाडी पहिल्यांदा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मामा खुर्ची ओढून समोर, रुळाच्या पातळीला डोळे आणून बसला होता. गाडी त्याच्या अंगावर येत होती. थांबल्यावर त्याने इंजिनावरची नंबराची रिकामी जागा बोटाने दाखवली आणि माझ्याकडे पेन मागितलं. वर्तमानपत्राच्या कडेला पाच आकडे लिहिले. न थांबता.

ते आकडे लग्नपत्रिकावाल्याकडे छापायला दिले आहेत.