पानं खाल्ली गेली पाहिजेत: विदर्भातल्या वाडीसाठी देशी झाडं

लावलेल्या झाडाचं एकही पान कुरतडलेलं नाही, हे पाहून घरमालक खूश होतो. पण पाखरं, फुलपाखरं, खारी, मुंगसं यांच्यासाठी बाग करायची असेल तर तेच काळजीचं लक्षण आहे. पान कोणीच खात नाही म्हणजे त्या झाडावर अळी नाही, आणि अळी नाही म्हणजे पिल्लांना भरवायला काही नाही. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण घरट्यातल्या पिल्लांना ती अळ्या आणि मऊ किडेच भरवते. शिंपी आणि दयाळ यांचंही तसंच. नुसत्या फुलांनी बाग भरली तर पाखरं येतील, मध पितील आणि उडून जातील. ती राहावीत असं वाटत असेल तर कोणती पानं खाऊ द्यायची हे आधी ठरवा.

अळ्या वाटेल ते झाड खात नाहीत. बहुतेकींची झाडं ठरलेली असतात आणि ती नाती फार जुनी आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. सुबाभूळ, नीलमोहोर, कोनोकार्पस हेही बाहेरचेच. यांच्या सावलीत आपल्याकडच्या अळ्यांचं पोट फारसं भरत नाही. देशी म्हणजे भारतातलं कुठलंही झाड असाही अर्थ घेऊ नका. अकोला-बुलढाण्याकडे वर्षाला साधारण 750 ते 850 मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोली-गोंदियाकडे 1300 च्या पुढे. तिकडचं झाड इकडे नेलं की ते पाण्यावर जगवावं लागतं. यादी करायला सोपी रीत आहे: एप्रिलच्या शेवटी गावच्या पांदणीने आणि वावराच्या धुऱ्याने (बांधाने) चालत जा. कोणी पाणी न घालता जे हिरवं उभं आहे, ते तुमच्या वाडीचं झाड.

जागा एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट धरू. एवढ्यात एक मध्यम झाड, तीन-चार लहान झाडं, दहा-बारा झुडपं आणि कडेने एक गवताची पट्टी बसते. घरची भाजी वेगळ्या तुकड्यात ठेवा, कारण तिथले नियम वेगळे असतील. मध्यम आणि लहान झाडांत बहावा, बेल, बोर, पारिजातक आणि मुंगना (शेवगा) घ्या. भिंतीपासून 12 ते 15 फूट सोडा. उंबर पाखरांना फार उपयोगी, पण त्याला भिंत, विहीर आणि शौचालयाच्या टाकीपासून किमान 30 फूट लांब जागा असेल तरच लावा. पळस वाडीच्या टोकाला लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकी सगळं वाळलेलं असताना साळुंक्या, शिंजीर, पोपट सगळे पळसावर असतात.

सगळ्यात जास्त विचार कुंपणाचा करा, कारण खेड्यात झाड मरतं ते बहुतेक बकरीच्या तोंडाने. तारेचं कुंपण नसेल तर बाहेरची ओळ बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत अशा झुडपांची करा: रुई, निरगुडी, अडुळसा, तरवड. हीच चार झुडपं पोटं भरणारीही आहेत. रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं. तरवडाच्या पानांवर पांढरी-पिवळसर एमिग्रंट फुलपाखरं वाढतात. अडुळशाच्या फुलांवर थंडीत भुंगे आणि शिंजीर येतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावा. चीक उडालाच तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखाना गाठा. आतल्या बाजूने कोरांटी टाका, तिची पानं लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्यांना चालतात. पहिली दोन वर्षं बोराटीच्या फासांचं (काटेरी फांद्यांचं) कुंपण बाहेरून हवंच. पऱ्हाटीचं (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचं) करू नका. तिला एका पावसाळ्यात उधई (वाळवी) खाते आणि ऐन वेळी कुंपण पडतं.

या कुंपणावर वाघाटी चढवा. आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी होते तीच. काटेरी, चिवट आणि एकदा रुजली की पाणी न मागणारी. पायोनियर आणि कॉमन गल ही पांढरी फुलपाखरं तिच्यावर वाढतात. पिकलेल्या फळातलं बी गर धुऊन लगेच पेरा आणि उगवायला वेळ लागतो हे धरून चाला. बेशरमचं कुंपण असेल तर ते टप्प्याटप्प्याने काढा. रायमुनियाही (घाणेरी) काढा. तिच्या फुलांवर फुलपाखरं दिसतात म्हणून लोक ती ठेवतात, पण तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही आणि बुलबुल तिचं बी खाऊन सगळ्या शिवारात पसरवतात. कापून उपयोग नाही. पावसात माती ओली असताना मुळाचा गड्डा कुदळीने उपटायचा आणि फुटवे येतात का ते पुढचे दोन पावसाळे पाहायचं.

शेजारच्या पिकाचा विचार न करता झाडं लावली तर भांडणं होतात, आणि त्यात शेतकऱ्याचंही चुकत नाही. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे संत्र्याच्या बागा लागून असतील तर गुळवेल आणि वासनवेल लावू नका. संत्र्यातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर वाढतात आणि पतंग रात्री पिकत आलेलं फळ टोचतो. टोचलेलं फळ सडून गळतं. जिथे संत्रा नाही तिथे हाच गुळवेल कडुनिंबावर खुशाल चढू द्या. कपाशीच्या पट्ट्यात पेटारी, रानभेंडी, अंबाडी धुऱ्याला लागून ठेवू नका, कारण कपाशीच्या बोंडअळ्या आणि पिठ्या ढेकूण त्यांवरही जगतात. लिंबू, बेल आणि कढीलिंबाची पानं लाइम आणि कॉमन मॉर्मन फुलपाखरांच्या अळ्या खातात. लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. कलमांची रोपवाटिका शेजारी असेल तर तिथे हीच अळी कीड ठरते. घरच्या चार वर्षांच्या लिंबाला मात्र दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही, पानं परत फुटतात.

रोपं विकत घेण्यापेक्षा बी गोळा करा. राखीव जंगलातून काही उपटून आणू नका, ते बेकायदा आहे आणि पांदणीवर भरपूर मिळतं. निंबोळी आणि मोहाचं बी पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेरलं नाही तर उगवण फार घटते. गर काढून, सावलीत सुकवून लगेच पेरा. पळसाचं बी मेमध्ये शेंगा गोळा करून जूनमध्ये थेट जागेवरच टोका. त्याचं सोटमूळ इतक्या लवकर खाली जातं की पिशवीत ते गुंडाळतं आणि झाड पुढे खुरटतं. बहाव्याचं बी टणक असतं. एका कडेला खरखरीत दगडावर घासा, आतला फिका भाग दिसला की थांबा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. तरवडालाही हीच युक्ती. बोराची आठळी हलक्या हाताने फोडून आतलं बी पेरलं तर उगवण लवकर होते. निरगुडी आणि अडुळशाला बी नको. जुलैत पेन्सिलीएवढी जाड, आठ इंचांची फांदी घ्या, दोन डोळे जमिनीत आणि दोन वर.

आता काळी माती. बाहेरून आलेल्या बागकामाच्या सल्ल्याचा इथेच घोळ होतो. सांगितलेलं असतं की खोल खड्डा करा, भरपूर खत घाला, खळगं करा म्हणजे पाणी थांबेल. भारी काळ्या मातीत असा खड्डा ऑगस्टमध्ये पाण्याने भरतो, कडा चिकट होऊन पाणी जिरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप पिवळं पडून मरतं. घरचे लोक मग पाणी कमी पडलं असं समजून आणखी घालतात. त्यामुळे खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल एवढाच घ्या, मेमध्ये खणून उन्हात तापू द्या आणि भरताना निघालेल्या मातीत एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि दोन घमेली बारीक मुरूम किंवा जाडी रेती मिसळा. भराई जमिनीपासून सहा इंच वर आणून उंचवटा करा आणि रोप त्या उंचवट्यावर लावा. ओलं, न कुजलेलं शेण घालू नका, त्यात हुमणी येते आणि मुळं खाते. लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, आर्द्रा ते पुनर्वसू या काळात करा. मृगाच्या पहिल्या सरीला घाई केली आणि मग पंधरा दिवसांची उघाड पडली की रोपं जातात. मुरमाड जमिनीत याच्या उलट करायचं: उंचवटा नको, थोडं खळगं हवं.

दुसरं संकट मार्चपासून सुरू होतं. काळी माती सुकताना भेगाळते आणि भेगा बारीक मुळं तोडतात. यावर पालापाचोळ्याचं आच्छादन, तीन-चार इंच जाड, पण खोडापासून चार इंच सोडून. खोडाला टेकवलं तर साल कुजते आणि उधई चढते. याच पालापाचोळ्यात दयाळ आणि सातभाई किडे टिपत फिरतात, म्हणून तो जाळणं म्हणजे त्यांचं ताट ओढणं.

पाणी पहिल्या उन्हाळ्यात दर चौथ्या दिवशी आठ ते दहा लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात दर आठवड्याला, तिसऱ्यात बंद. पारा 45 च्या वर असतो तेव्हा संध्याकाळीच द्या. न रंगवलेलं पाच-सहा लिटरचं मातीचं मडकं रोपापासून एक फुटावर पुरलं तर पाणी निम्म्याहून कमी लागतं. काळ्या मातीत मडक्याभोवती चार इंच रेती भरा, नाहीतर माती फुगताना मडकं तडकतं. तोंड झाका. जड पाण्याने छिद्रं बुजतात, तेव्हा दुसऱ्या वर्षी मडकं बदला. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी लहान रोपाला देऊच नका. तिथे 500 चौरस फूट पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता साधारण 400 लिटर मिळतात. ते टाकीत धरा आणि झाडं बाभूळ, कडुनिंब, बोर अशी खारट जमीन सोसणारी निवडा.

पाखरांसाठी पसरट मातीचं भांडं ठेवा, खोली दीड-दोन इंच, मध्ये एक दगड. जवळच्या झुडपापासून सहा-आठ फूट लांब, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून दोनदा काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

गवताच्या पट्टीत मारवेल आणि पवना राहू द्या, तीन फूट रुंद पुरे. बी पडेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत कापू नका, मुनिया पाखरं त्या बियांवर जगतात. गाजरगवत मात्र फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. वाडीत कुठेतरी चटईएवढी जागा उघडी, न खोदलेली ठेवा, कारण पोळं न करता एकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या जमिनीत बिळं करून अंडी घालतात.

फवारणी या तुकड्यात कुठलीच नको. निंबोळी अर्क आणि दशपर्णीही नको. घरची म्हणून लोक ती बिनधास्त मारतात, पण फुलपाखराच्या अळीलाही ती मारतेच. मुंगन्यावर केसाळ अळ्या येतात आणि अंगाला खाज आणतात, तेवढ्याच काढा. दिवसा त्या खोडावर गठ्ठ्याने बसलेल्या असतात, तेव्हा खराट्याने साबणाच्या पाण्यात पाडता येतात. शेजारच्या कपाशीवरचा फवारा वाऱ्याने येत असेल तर त्या बाजूला निरगुडीची दाट दुहेरी ओळ लावा आणि फवारणीच्या दिवशी पाण्याचं भांडं झाकायला सांगून ठेवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते औषध पाखरांना काय करत असेल हे वेगळं सांगायला नको.

साप येतील का, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो रास्त आहे. साप झाडापेक्षा उंदरामागे येतो. धान्याची कोठी बंद ठेवा, लाकडं आणि दगडांचा ढीग घरापासून 25 फुटांवर ठेवा, दार ते संडासची वाट चार फूट रुंद, मोकळी आणि उजेडाची ठेवा. धामण उंदीर खाते, तिला जाऊ द्या. नाग, घोणस, मण्यार दिसला तर लांब राहून सर्पमित्राला बोलवा. चावा झाला तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात सरळ न्या.

ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा यांच्या काठच्या गावांत आणखी एक गोष्ट पाळावी लागते. तिथे घरालगत मोह किंवा बोर लावू नका, अस्वल मोहाच्या फुलांसाठी आणि बोरांसाठी येतं. घर, गोठा आणि संडासच्या वाटेपासून 30 फुटांपर्यंत गुडघ्याच्या वर झुडूप वाढू देऊ नका. बिबट्या दाट झुडपात बसतो, आणि बकऱ्या-कुत्री बाहेर बांधलेली असली की तो येतोच. अशा गावात बहावा, बेल, पारिजातक यांच्या खालच्या फांद्या नोव्हेंबर ते जानेवारीत, घरटी नसताना, पाच फुटांपर्यंत साफ करा आणि झुडपांची सगळी लागवड वाडीच्या वावराकडच्या कडेला न्या.