कोन बरोबर, गुणोत्तर चूक

जुलैचा पाऊस, रत्नागिरीजवळ भाट्याचं आमचं घर, आणि पडवीत एमएस्सीच्या प्रोजेक्टचे कागद. डी मेसॉन हा चार्म क्वार्क असलेला अल्पायुषी कण. तो फुटतो, म्हणजे त्याचा क्षय होतो, तेव्हा केऑन आणि पायॉन या हलक्या कणांची जोडी निघते. निघता निघता ते दोघे एकमेकांवर आपटतात, तर त्यानं क्षयाचा दर किती बदलतो, हे मला काढायचं होतं.

कोडं असं. डी-शून्यच्या, म्हणजे भार नसलेल्या डीच्या, सुमारे 3.9 टक्के क्षयांत ऋण केऑन आणि धन पायॉन मिळतात. केऑन आणि पायॉन दोन्ही उदासीन, म्हणजे भाररहित, अशा जोडीसाठी क्वार्कांचे रंग (हा त्यांचा एक वेगळ्या प्रकारचा भार) जुळून यावे लागतात, म्हणून ती विरळाच निघायला हवी. प्रत्यक्षात ती अडीच टक्क्यांच्या आसपास आहे.

आयसोस्पिन म्हणजे सारख्या कणांना एका गटात बांधणारा क्वांटम अंक; ॲम्प्लिट्यूड म्हणजे ज्याच्या आकाराच्या वर्गावरून दर मिळतो तो आकडा. मी आयसोस्पिनचे दोन ॲम्प्लिट्यूड धरले, 1/2 आणि 3/2. डी-प्लसच्या, म्हणजे धन भाराच्या डीच्या, केऑन-पायॉन क्षयात फक्त 3/2 असतो, त्यामुळे तो थेट मिळतो. मग दोघांमधला फेजचा फरक, म्हणजे त्यांच्यातला कोन, काढला. नव्वद अंशांच्या जवळ! पुस्तकातही तेवढाच. मी खूश. दोघांच्या आकारांचं (1/2 भागिले 3/2) गुणोत्तर मात्र 2.3 येत होतं आणि त्याकडे मी आठ दिवस नीट पाहिलंच नाही.

मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "आयुर्मानानं भागलंस का गं?"

भागलं नव्हतं. डी-प्लस जगतो 1.03 पिकोसेकंद (सेकंदाचा लाख कोटीवा भाग), डी-शून्य 0.41. टक्केवारी म्हणजे दर नव्हे; तिला आयुर्मानानं भागलं की दर मिळतो. त्या रात्री लाईट गेली होती, बॅटरीच्या उजेडात सगळं पुन्हा मांडलं. गुणोत्तर 3.8 झालं, कोन जेमतेम हलला. म्हणूनच चूक इतके दिवस लपली होती.

मग फेज शून्य करून पाहिली. उदासीन जोडी भारित जोडीच्या सातव्या हिश्श्यावर आली. खरी फेज घातली की साठ टक्क्यांच्या वर. दोन्हींची बेरीज मात्र तीच! आपटण्यानं एकूण दर वाढत नाही, वाटणी बदलते. हे कागदावर स्वतः उतरताना पाहिलं तेव्हा मी उठून आईला सांगायला गेले.

हा हिशेब लवचीक आपटण्यापुरताच, म्हणजे आपटूनही केऑन-पायॉनच उरतात तेवढ्यापुरता. डीच्या 1865 एमईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक) वस्तुमानाला इतर कणांत बदलण्याच्या वाटाही उघड्या असतात. डी-शून्यपासून केऑनांची भारित जोडी पायॉनांच्या भारित जोडीच्या जवळपास तिप्पट का निघते, हे एवढ्यानं सुटत नाही. सध्या मी दोन उदासीन केऑनांच्या क्षयावर आहे. तिथे क्वार्कपातळीवरचे दोन हिस्से एकमेकांना जवळजवळ खोडतात, तरी तो क्षय दिसतो. भारित केऑन आपटून उदासीन होत असावेत, असं मला वाटतं. पहिली तीन पानं झालीत.