मोडीत न निघालेले कागद

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा चौकोनी मनोरा दुरूनच दिसू लागतो. १९३४ साली उघडलेली ही इमारत जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी उभारली. इंग्लंडातील प्रसिद्ध लाल टेलिफोन-खोकेही त्यांच्याच आराखड्यातले. विटांच्या त्या लांबलचक भिंती आणि मधला उंच मनोरा पाहून मला मात्र ग्रंथालयाऐवजी गिरणगावातली एखादी कापडगिरणी आणि तिचे धुराडेच आठवले. मी तेथे गेलो होतो तो कैरोच्या गेनीझातील कागद पाहण्यासाठी. आधी बराच पत्रव्यवहार केल्यावर एका दुपारचे दोन तास मिळाले होते.

गेनीझा म्हणजे वापरातून गेलेल्या लिखाणाची कोठी. ज्या कागदावर देवाचे नाव आले आहे तो फेकायचा नाही, तर यथावकाश पुरायचा, असा ज्यू लोकांचा दंडक आहे. जुन्या कैरोतील, म्हणजे फुस्तातमधील बेन एझरा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, हा दंडक फारच सैलपणे पाळला गेला. हिब्रू लिपीत लिहिलेले जे काही असेल ते, मग ते धर्मशास्त्र असो, घटस्फोटाचा कागद असो की वाण्याचा हिशेब, भिंतीत उंचावर असलेल्या भोकातून बिनदाराच्या खोलीत टाकले गेले, आणि पुरायचे मात्र राहून गेले. इजिप्तच्या कोरड्या हवेने पुढचे काम केले. आमच्याकडे फाटक्या पोथ्या नदीत सोडतात. वाईला आमच्या आजोबांचे दप्तर कृष्णेत सोडले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. भावना तीच, पण पाण्याने काही शिल्लक ठेवले नाही.

हे कागद केंब्रिजला कसे आले, ती हकिकत तेथे सर्वांना तोंडपाठ आहे. ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या विदुषी बहिणींनी पूर्वेच्या प्रवासातून काही जुनी पाने विकत आणली होती. त्यांतले एक पान मे १८९६ मध्ये विद्यापीठातील अध्यापक सॉलोमन शेख्टर यांनी पाहिले आणि ते बेन सिरा या प्राचीन ज्यू बोधवचनांच्या ग्रंथाच्या मूळ हिब्रू संहितेचे आहे हे ओळखले. हा ग्रंथ कित्येक शतके मुख्यतः भाषांतरांवरच जगत आला होता. सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर यांनी पैशांची तजवीज केली, त्याच हिवाळ्यात शेख्टर कैरोला गेले, आणि तेथील मुख्य रब्बींच्या संमतीने खोलीतल्या धुळीत आठवडेच्या आठवडे घालवून बहुतेक सगळा ऐवज पेट्यांत भरून घेऊन आले. आज टेलर-शेख्टर संग्रहात सुमारे १,९३,००० तुकडे आहेत.

पहिल्यांदा समोर आले ते लहान मुलाचे अक्षरपुस्तक. पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटातल्या पानावर सात फांद्यांचा दीपवृक्ष आणि षट्कोनी तारा रंगवलेला आहे, आणि पुढे मोठाली अक्षरे एकेका स्वरचिन्हासह ओळीने काढली आहेत. थोडक्यात, बाराखडीच. मला हिब्रू येत नाही, तरीही गुरुजींच्या मागोमाग सूर लावून म्हणणारी मुले त्या ओळींत ऐकू आली.

दुसरे होते एक पत्र. थोर तत्त्वज्ञ मायमोनिडिस यांचा धाकटा भाऊ डेव्हिड हा रत्नांचा व्यापारी होता, आणि तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरातून त्याने हे पत्र भावाला लिहिले आहे. भाषा अरबी, पण लिपी हिब्रू. मोडी न येणाऱ्याला आजोबांचे मराठी पत्र जसे अपरिचित वाटते, तसे हे अरबी वाचकाला वाटत असणार. तांड्यापासून वेगळे होऊन वाळवंट कसे ओलांडले आणि बंदरात निळीखेरीज विकत घ्यायला काहीच कसे मिळाले नाही, हे सांगून तो कळवतो की आता समुद्रमार्गे पुढे, हिंदुस्थानाकडे जाण्याचा बेत आहे. घरच्यांना धीर द्यावा. डेव्हिड पुढे हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याजवळ स्वतःचे, भावाचे आणि इतरांचेही पैसे होते. त्या बातमीनंतर आपण वर्षभर अंथरुणाला खिळून होतो, असे मायमोनिडिस यांनी पुढे एका पत्रात लिहिले आहे. पत्राच्या झिजलेल्या कडेकडे पाहताना हे सगळे मला आधीच ठाऊक होते, लिहिणाऱ्याला नव्हते. ती जाणीव फार बेचैन करणारी होती.

माझे खरे कुतूहल अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याबद्दल होते. मूळचा ट्युनिशियातील महदियाचा हा ज्यू गृहस्थ बाराव्या शतकात सुमारे सतरा वर्षे मंगळूरला राहिला. तेथे त्याने आशू नावाची दासी ११३२ साली मुक्त केली, आणि पितळ-काशाच्या भांड्यांचा कारखाना चालवला. एडनचे व्यापारी त्याला तांबे आणि फुटकी भांडी पाठवत, आणि त्या बदल्यात अमुक मापाची नवी भांडी घडवून मागवत. याला आपल्याकडे तांबट आळीत ‘मोड देणे’ म्हणतात. नऊशे वर्षांनी मला त्या पत्रव्यवहारासाठी वेगळा शब्द शोधावा लागला नाही. एडनहून भेट म्हणून साखर, मनुका आणि कागद येत. मंगळूरला चांगला कागद दुर्मीळ असल्यामुळे बेन यिजू आलेल्या पत्रांच्या पाठीवर आणि मोकळ्या जागेत हिशेब, याद्या, कवितासुद्धा लिहून काढी. परत जाताना ते सगळे त्याने बरोबर नेले, आणि अखेर ते फुस्तातच्या त्या भोकातून आत पडले.

शेख्टर यांनाही यातले सगळेच मोलाचे वाटले नव्हते. त्यांनी बिनकामाचे म्हणून बाजूला ठेवलेले तुकडे ग्रंथालयात खोक्यांतच पडून राहिले आणि १९५० च्या दशकात त्यांची ‘नवी मालिका’ म्हणून छाननी सुरू झाली. इतिहासकार शेलोमो गोइटाइन यांनी गेनीझातील असल्याच किरकोळ कागदांवर पाच जाड खंडांत मध्ययुगीन भूमध्य-समाजाचा इतिहास मांडला, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराची पत्रे त्यांनी आयुष्यभर वेगळी जमवली.

वेळ संपत आली तेव्हा पाकिटे परत नेणाऱ्या बाईंना मी कृष्णेत सोडलेल्या दप्तराची गोष्ट सांगितली. त्यांनी अगदी सहज विचारले, “त्यात काय होते?” मला बस्त्याच्या तांबड्या फडक्याखेरीज काहीच सांगता आले नाही.