वळिवड्याच्या छावणीतली दोन गावं

रविवार, रात्री उशिरा

भाचीच्या लग्नाचा बस्ता आज गांधीनगरात बांधला. दुकानदार काका सिंधी. आमच्याशी बोलताना "ताई, ह्यो रंग बघा की, लई खुलतोय", गल्ल्यावरच्या मुलाशी सिंधीत, आणि निपाणीहून आलेल्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये. आईला ते फार आवडलं. आम्ही शिरोळ तालुक्यातले लिंगायत. अंगणात मराठी, चुलीपाशी कन्नड. आईचा निम्मा बस्ता कन्नडमधूनच ठरला.

परतताना डोक्यात वळिवडे घोळत राहिलं. आज जिथे गांधीनगरची कापडपेठ आहे, त्याच परिसरात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचं एक अख्खं गाव नांदत होतं. १९४० पासून सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरातून उचलून सायबेरियाकडे धाडलं. त्यांतले जे सुटले, ते इराणमार्गे कुठेकुठे पांगले. त्यांतले सुमारे पाच हजार जण कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याच्या छावणीत आले. बहुतेक बायका आणि मुलं, कारण धडधाकट पुरुष सैन्यात. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, नाटकं, स्काउट, सगळं पोलिश. आजोबा तेव्हा कोल्हापुरात शिकत होते. बाजारात भाजी घ्यायला आलेल्या त्या गोऱ्या बायका बोटांनी भाव करायच्या, असं ते सांगायचे.

युद्ध संपलं, पण त्यांच्यातल्या बहुतेकांचं घर ज्या भागात होतं तो भाग पोलंडमध्ये उरलाच नव्हता. मग कोणी इंग्लंडला गेलं, कोणी कॅनडाला, कोणी ऑस्ट्रेलियाला. आणि त्याच छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं.

जागा एकच, बराकी त्याच. पण तिनं दोघांना वेगवेगळं घडवलं. पोलिश मंडळी मुलांना पोलिश शिकवत राहिली, कारण युद्ध संपलं की इथून परत जायचं, असं त्यांना तेव्हा पक्कं वाटत होतं. सिंधी मंडळींना परत जायला गावच उरलं नव्हतं. त्यांनी दुकानं मांडली आणि गिऱ्हाइकाची भाषा उचलली. माणूस एखाद्या जागेशी कसा जोडला जातो, हे नुसत्या जागेवर ठरत नाही. परतीची वाट उघडी वाटते की बंद, यावर ते फार अवलंबून असतं. मला हे आज पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

आणि तरीही जागा सुटत नाही. इथे लहानाची मोठी झालेली पोलिश मुलं इंग्लंडमध्ये म्हातारी झाली, तिथे त्यांनी 'भारतातले पोल' म्हणून आपली संघटना काढली आणि पुन्हा पुन्हा कोल्हापूर बघायला आली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. लहानपणातली पाचच वर्षं, पण उरलेल्या जन्माची ओळख त्यांतून झाली. ज्यांना लोक 'बाहेरचे' म्हणतात, त्यांच्या मनात आपलं गाव किती खोल गेलेलं असतं, याचा अंदाज आपल्याला नसतो.

माझंही तसंच आहे. पुण्यात मी 'कोल्हापूरची', आणि गोकाकच्या मावशीकडे माझं कन्नड ऐकून मुलं हसतात, 'मराठी मावशी' म्हणतात. मला यातलं काहीच खोडून काढावंसं वाटत नाही.

पण जून २०२३ मध्ये याच कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं, ओळखीच्या गल्ल्यांतली दुकानं फुटली. त्या दिवशी मी फार घाबरले होते आणि त्याहून जास्त दुखावले होते. शाहू महाराजांचं कोल्हापूर म्हणून आपण छाती काढतो. मग ते कोल्हापूर त्यांनी कसं उभं केलं, हे तरी नीट बघायला हवं.

१८९६ मध्ये महाराजांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. त्याचा फायदा प्रामुख्यानं ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी एकेका समाजाची बोर्डिंगं त्यांनी उभी करवली. वेगळी बोर्डिंगं म्हणजे फूट, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. खेड्यातून आलेल्या पोराला आधी पोटभर आणि न लाजता जेवता आलं पाहिजे. स्वतःच्या पंगतीत ज्याची मान ताठ असते, तो दुसऱ्याच्या पंगतीला बिचकत नाही. कॉलेजात मात्र सगळे एकत्रच शिकायचे.

आजोबा लिंगायत बोर्डिंगात होते. त्यांचे जिवलग दोस्त मुस्लिम बोर्डिंगातले, आमच्याच तालुक्यातल्या कुरुंदवाडचे, जिथे आजही मशिदींमध्ये गणपती बसतो. दोघांनी एकाच कंदिलाखाली गणितं सोडवली. पुढे आमच्या जत्रेला ते यायचे, मोहरमला आजोबा तिकडे जायचे. दोघेही आता नाहीत. २०२३ नंतर त्यांच्या घरच्यांचं येणं जरा कमी झालं होतं. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. लग्नाची पहिली पत्रिका द्यायला उद्या मी आणि आई कुरुंदवाडला निघालोय, आणि या खेपेस मी ते विचारणार आहे.