समूहगीत भोंडल्यापासून बसतं

स्नेहसंमेलनाचं समूहगीत बहुतेक शाळा डिसेंबरात बसवायला घेतात आणि म्हणूनच संमेलनाच्या रात्री ते धड उभं राहत नाही. ज्या प्राथमिक शाळांतली पोरं मांडवात खणखणीत गायची, तिथे तयारी घटस्थापनेलाच सुरू झालेली असायची. तिला तालीम असं कोणी म्हणत नसे, कारण तो भोंडला असायचा.

पाटावर हत्तीचं चित्र, त्याला झेंडूची माळ आणि भोवती पहिली-दुसरीचा फेर. काही भागांत यालाच हादगा म्हणतात. विदर्भ-खानदेशात साधारण याच दिवसांत भुलाबाईची गाणी असतात. हादग्याची जुनी रीत अशी, की पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. संगीताच्या अभ्यासक्रमाची याहून चांगली आखणी आजवर कुठे दिसली नाही. रोज एकच नवं गाणं आणि कालपर्यंतचं सगळं पुन्हा. चाली चार-पाच सुरांत फिरणाऱ्या, दर मात्रेला एक पाऊल. लय ही काय चीज आहे ते सहा वर्षांच्या पोराला सांगून कळत नाही. फेरात चार दिवस चाललं की ती पायांत येते. मुलींचा खेळ म्हणून मुलग्यांना बाहेर बसवणाऱ्या शाळांना पुढे डिसेंबरात त्याच मुलग्यांचा ठेका सावरत बसावं लागायचं.

फेर मोठा झाला की गाणं पळतं. त्याचं कारण साधं आहे. दोन फेर एकात एक केले तर बाहेरच्या फेराला जास्त अंतर कापायचं असतं. पोरं लांब पावलं टाकण्याऐवजी भरभर पावलं टाकतात आणि आवाज पायांच्या मागे धावतो. म्हणून उंच मुलं बाहेर आणि बुटकी आत. साठ-सत्तर मुलं असतील तर तीन वेगळे फेर केलेले बरे.

खिरापत ओळखण्याचा खेळ तर गाण्याच्या तासासाठीच जन्माला आला असावा. बाईंनी ‘सांगा, सांगा’ एवढंच दोन सुरांत विचारायचं, वर पंचम (प) आणि खाली गंधार (ग). मुलांनी त्याच दोन सुरांत उत्तर द्यायचं. मैदानाच्या पलीकडच्या मित्राला हाक मारताना पोरांच्या तोंडून आपोआप याच्याच जवळपासचे सूर निघतात, त्यामुळे ते शिकवावे लागत नाहीत. हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतही छोट्यांची सुरुवात याच जोडीपासून होते. आपल्याकडे पहिल्याच दिवशी आरोह-अवरोह घोकायला लावतात. त्यात ग-म आणि नि-सा ही जवळजवळची घरं लहान गळ्यांना नेमकी अवघड जातात आणि दुसऱ्या आठवड्यात वर्ग कंटाळतो. खिरापतीत मात्रांचा हिशेबही आयता मिळतो. ‘लाडू’ दोन मात्रांत बसतो, ‘करंजी’ला तीन लागतात, आणि कुणी ‘साबुदाण्याची खिचडी’ म्हटलं की अख्खा वर्ग ते शब्द कोंबायचा प्रयत्न करत हसत सुटायचा. त्या हसण्यात दुगुण, म्हणजे दुप्पट लय, शिकवून व्हायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गाण्याच्या तासाला ‘शिवाजी म्हणतो’ यायचा. शिवाजी म्हणतो, दादरा! मग या तालाच्या सहा मात्रा: पहिलीला टाळी, दोन बोटं मोजायची, चौथीला हात उलटा करून काल, म्हणजे बिनटाळीची रिकामी मात्रा, दाखवायचा, पुन्हा दोन बोटं. केरव्याला आठ मात्रा, टाळी पहिलीवर आणि काल पाचवीवर. चुकणारा बाद होत नसे. तो मध्ये बसून चिंचोके भरलेली डबी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, वाजवायचा. हे महत्त्वाचं आहे, कारण ज्याला ठेक्याची सर्वांत जास्त गरज तोच बाद होऊन भिंतीला टेकून बसला तर खेळ कशासाठी?

यानंतरचा खेळ मुक्या ओळीचा. पहिली ओळ मोठ्याने, दुसरी मनात, तिसरीला सगळ्यांनी एकदम उचलायची. पहिल्यांदा वर्ग नेहमी लवकर येतो. मनातल्या मनात गाताना श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे ओळ आखडते. मुक्या ओळीत मांडीवर हलकी थाप ठेवली की ते सुधारतं. तीन-चार दिवसांनी थापही काढून टाकायची.

लय घसरते आहे का, याची रोजची परीक्षा प्रार्थनेच्या वेळीच होऊन जाते. राष्ट्रगीत साधारण 52 सेकंदांत पूर्ण व्हायला हवं. घड्याळ लावून बघा. मिनिटाच्या पुढे गेलं तर शाळा रेंगाळते आहे, आणि संमेलनातलं गाणंही तसंच रेंगाळणार.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज (सा) पेटीवर कुठे धरायचा ते. जितकी समूहगीतं बिघडलेली ऐकली, त्यातली निम्मी पट्टीने मारली. गुरुजी आपल्या गळ्याला सोयीची काळी 1 (सप्तकातली पहिली काळी पट्टी) धरतात आणि खालच्या पंचमापर्यंत उतरणारं गाणं निवडतात. पोरांचा तिथे नुसता घोगरा श्वास ऐकू येतो. मग ‘मोठ्याने!’ असा ओरडा होतो आणि पोरं गायचं सोडून किंचाळतात. पहिली ते चौथीसाठी नियम एवढाच: गाण्यातला सर्वांत खालचा सूर मधल्या सप्तकातल्या पांढरी 1 च्या खाली जाऊ नये आणि सर्वांत वरचा वरच्या सप्तकातल्या पांढरी 2 च्या फार वर जाऊ नये. चाल षड्जापासून तार षड्जापर्यंत असेल तर पांढरी 1 किंवा 2 चालते. खालच्या पंचमापासून मधल्या धैवतापर्यंत फिरणारी असेल तर षड्ज पांढरी 4 वर न्यावा. पेटीला खर्जाची रीड असेल तर छोट्यांच्या गाण्याला ती बंद ठेवावी. एकाच पट्टीखाली दोन सप्तकं वाजली की अर्धी मुलं खालच्या सुराला जाऊन बसतात.

प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं एकाच सुरात गुणगुणत राहणारी असतात. त्यांना ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगायची वाईट पद्धत अनेक ठिकाणी होती. त्याऐवजी त्या मुलाला ‘आ’ म्हणायला लावायचं, त्याचा सूर पेटीवर शोधायचा आणि सगळ्या वर्गाने त्याच्या सुरात सूर मिळवायचा. आपला सूर दुसऱ्याच्या सुराला चिकटतो म्हणजे काय, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं. मग एकेक सूर वर. रंगमंचावर त्याला दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये उभं करावं. पक्के गळे सगळे पुढच्या रांगेत लावले तर मागच्या रांगांना कानाशी काहीच आधार राहत नाही.

चाळीस मुलं, तीन रांगा. मागची बाकावर उभी. माइक दोन, पुढच्या रांगेपासून चार-पाच फुटांवर आणि दुसऱ्या रांगेच्या तोंडाच्या उंचीला. एकाच हुशार पोरीच्या हातात माइक दिला की ते समूहगीत उरत नाही. सुरुवातीला पेटीने लांब षड्ज द्यायचा, मग त्याच लयीत चार मात्रा मोजायच्या आणि चौथीला बाईंनी स्वतः दिसेल असा श्वास घ्यायचा. पोरं आकडे विसरतात, पण श्वास पाहून बरोबर श्वास घेतात.

संगीतकार वसंत देसाई यांनी शाळकरी मुलांचं समूहगान मोठ्या मैदानांवर नेलं. तेवढ्या पसाऱ्यात कानावर भिस्त ठेवून चालत नाही. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 100 मीटर मागच्या मुलाला पुढचा ठेका सुमारे 0.3 सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला 110 मात्रांच्या लयीत ही अर्ध्या मात्रेहून मोठी चूक झाली. म्हणून डोळे गाणं चालवणाऱ्याच्या हातावर. शाळेच्या पटांगणात अंतर कमी असतं, पण कर्णा प्रेक्षकांच्या मागच्या टोकाला बांधलेला असला तर तोच घोळ छोट्या प्रमाणात होतोच.

उघड्यावरच्या संमेलनाचा आणखी एक शत्रू म्हणजे दव. रात्री आठनंतर तबल्याची पुडी (वरचं कातडं) ओल धरते आणि तबल्याचा सूर उतरतो, पेटी मात्र तिथेच राहते. जाणता तबलजी छोट्यांचं गाणं संपेपर्यंत हातोडी हाताशी, मांडीखालीच ठेवायचा. षड्ज पांढरी 4 असेल तर तबला पंचमात, म्हणजे पांढरी 1 मध्ये मिळवलेला सोयीचा पडतो. याचसाठी पहिली-दुसरीचं गाणं दीपप्रज्वलनानंतर लगेच हवं. पाहुण्यांची भाषणं आणि बक्षीस समारंभ उरकेपर्यंत ती पोरं कोपऱ्यात झोपलेली असतात, डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं असतं.

पुढे पेनड्राइव्हवरचे ट्रॅक आले. कटकट कमी झाली हे खरं, पण तो ट्रॅक मोठ्या गायकाच्या पट्टीत असतो आणि पोरांसाठी थांबत नाही. पेटीवाल्या बाई विसरलेलं ध्रुवपद दोनदा फिरवून पोरांना पुन्हा गाण्यात घ्यायच्या आणि टाळ्या वाजवणाऱ्या पालकांना काही झाल्याचं कळायचंही नाही.

काही शाळांत याची एक वही असायची. संमेलन झाल्यावर त्यात चार ओळी लिहून ठेवत: गाणं कोणतं, षड्ज कुठला, ठेका कुठला, कुठे घसरलं. ‘पांढरी 4, केरवा, दुसऱ्या कडव्याला घाई, मागच्या बाकाचा एक पाय डुगडुगतो.’ पुढच्या घटस्थापनेला आधी ती वही काढायची आणि मग हत्ती.