आधी पान की आधी शीर?

बी.एस्सी.च्या मुलांना पाचगणीला न्यायचं तर पावसाळ्यातच. टेबललँडच्या जांभ्यावर तेव्हा उथळ डबकी साचतात आणि त्यांत आयसोएटिस हे बिनफुलांचं, बीजाणूंनी पसरणारं छोटं रोप उगवतं. त्याची एक जात तर याच गावाच्या नावाची, आयसोएटिस पंचगणिएन्सिस. दिसायला गवताचा झुबका, त्यामुळे मुलं ते ओलांडून पुढे निघाली होती. कंद उपटायचा नाही, बाहेरच्या बाजूचं एकच पान बुडासकट घ्यायचं, असं मी बजावलं.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला पानाचे छेद घेतले. चार हवेच्या पोकळ्या आणि मधोमध एकच शीर. शेजारी गवताच्या पानाचा छेद ठेवला, त्यात शिरांची रांग. एका मुलीने विचारलं, "सर, आधी पान आलं की आधी शीर?"

इतका नेमका प्रश्न क्वचितच येतो. ठरलेला पाठ बाजूला ठेवून मी फळ्याकडे वळलो आणि आयसोएटिसच्या नामशेष झालेल्या, फक्त जीवाश्मांतून माहीत असलेल्या नातलगांची चित्रं काढली. सॉडोनियाच्या खोडावर नुसते काटे, आत शीर नाही. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या चर्टमध्ये, म्हणजे गारगोटीसारख्या खडकात, सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीचं अ‍ॅस्टेरोझायलॉन आहे. त्याच्या खोडातून शिरेचा फाटा निघतो, पण पानाच्या बुडाशीच थांबतो. ड्रेपॅनोफायकसमध्ये तो पानात शिरतो. खोडावरचा उंचवटा वाढत गेला आणि शीर मागाहून आली, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बॉवर यांचं म्हणणं या चित्रांत अगदी चपखल बसतं.

"यातलं सगळ्यात जुनं कोणतं?" तिने विचारलं.

इथे अडचण होती आणि ती मुलांपासून लपवणं मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामधली बरॅगवनाथिया ही जीवाश्म वनस्पती अ‍ॅस्टेरोझायलॉनहून जुनी, तरीही तिच्या पानात शीर आहे. म्हणजे फळ्यावरचा क्रम हा काळाचा क्रम नव्हे. मग मी केनरिक आणि क्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञांचं १९९७ मधलं मत सांगितलं: अशी एका शिरेची पानं म्हणजे वांझ झालेल्या बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलाने पानाचं बूड सुईने उघडलं. आतल्या बीजाणुधानीत पांढरे बीजाणू, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. सगळे त्याच्या टेबलाभोवती जमले.

"म्हणजे हेच खरं ना, सर?" तो म्हणाला.

मी नाही म्हटलं. पानाच्या बुडाशी बीजाणुधानी आहे, एवढ्याने पान तिच्यापासूनच झालं असं ठरत नाही. सॉडोनियाचे ते शीर नसलेले काटे पाहता मला आजही बॉवर यांचंच पटतं. मुलीला मात्र पटलं नाही. बरॅगवनाथियाचं उत्तर आधी द्या, म्हणाली.